गणिताने खाल्लेल्या पी.टी.च्या तासास

प्रिय पी.टी.च्या तासा,



तुला पत्र पाठवायचं तर कुठल्या पत्त्यावर, इथूनच अडचण सुरू होते. वेळापत्रकात तुझं नाव आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या तक्त्यावर ‘शा.शि.’ असं लिहिलेलं असतं, आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेक वेळा दुपारच्या सुट्टीनंतर. पण त्या वेळी वर्गात डोकावलं तर फळ्यावर वर्गसमीकरणं चाललेली दिसतात. गणपतीपर्यंत तू अधूनमधून भेटतोस. सहामाही झाली की ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून गणिताचे सर तुला मागून घेतात, त्यांच्यामागून विज्ञानाच्या मॅडम. स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की उरलासुरलाही जातोस. दहावीच्या पोरांना तर तू ऐकूनच माहीत. तू श्रेणीचा विषय, टक्केवारीत धरत नाहीत, मग तुझ्यासाठी भांडणार कोण?

म्हणून मीच भांडायला उठलोय. आमच्या मुखेडच्या वर्गावर्गांत आता एक असं लेकरू बसतंय, ज्याला गणिताच्या सरांपेक्षा तुझी गरज जास्त आहे.

तू त्याला ओळखतोस. मैदानावर आलास की तो लिंबाखाली जाऊन बसतो आणि बाकीच्यांच्या चपला, दप्तरं, घड्याळं सांभाळतो. संघ पाडताना त्याला शेवटी घेतात, तेही ‘घ्या रे त्याला कुणीतरी’ असं सरांनी म्हटल्यावर. त्याला वर्गानं एक नाव ठेवलेलं असतं. ते मी इथं लिहीत नाही, तुला पाठ आहे.

मुखेड आणि आजारपण म्हटलं की बाहेरच्या माणसाला साप आठवतो. डॉ. दिलीप पुंडे यांनी इथं राहून सर्पदंशावर केलेल्या कामामुळं तालुक्याचं नाव दूरवर गेलं. साप सोडले तर लेकरांचे आजार म्हणजे हगवण, गोवर, ताप आणि वाळत चाललेलं अंग. ज्या घरांनी वाळलेली लेकरं पाहिली त्या घरांत गुबगुबीत लेकरू म्हणजे धोक्यातून सुटलेलं लेकरू, असा हिशेब पक्का बसलाय. त्याच्या वजनाबद्दल काही बोलायला जावं तर आजी म्हणते, ‘चांगलं अंगानं भरायलंय लेकरू, कशाला नजर लावता?’ आजीचं चूक नाही. तिच्या आयुष्यातला पुरावा तिच्या बाजूनं आहे.

पुरावा बदललाय तो आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत. जगभरच्या वजन-उंचीच्या नोंदी एकत्र करून ‘लॅन्सेट’मध्ये २०२४ साली जो हिशेब छापून आला, त्यानुसार भारतात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती. २०२२ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाख झाली. ही सगळी मुंबई-पुण्याची नाहीत. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी येते, त्यामुळं शाळेपर्यंतची पायपीट गेली. शेताला भाकरी पोचवायला लेकरू जात नाही, मोटारसायकल जाते. किराणा दुकानाच्या दारात पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात. सकाळच्या सुशील्याची जागा डब्यातल्या नूडल्सनं घेतली. आणि संध्याकाळी जे मैदान होतं, तिथं प्लॉटिंग पडलं. लेकरू आळशी झालं म्हणणारे बरेच भेटतात. हलायच्या जागा आणि हलायची कारणं कुणी काढून घेतली, हे विचारणारे कमी.

आता या लेकराच्या छातीत काय चाललंय ते तुला सांगतो, कारण तुझं खरं काम तिथं आहे. अंग मोठं, म्हणून रक्त जास्त. ते फिरवायला हृदयाला दर ठोक्याला जास्त ढकलावं लागतं. वर रक्तदाब चढता असेल तर डाव्या कप्प्याची भिंत हळूहळू जाड होते. इन्शुलिन असतं, पण शरीर त्याचं ऐकत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी सोडतं. रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं. यातलं काहीही दुखत नाही. लेकरू हसतंय, खातंय, रात्री घोरतंय. घोरण्याचंही घरात कौतुकच होतं, ‘कसं गाढ झोपलंय’ म्हणून.

बोगालुसा नावाचं एक गाव आहे, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, आपल्या तालुक्याच्या गावाएवढंच, कागदाच्या गिरणीवर जगणारं. तिथं १९७३ मध्ये डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी शाळेतल्या पोरांचे रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल लिहून ठेवायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं लिहीत राहिले. त्यातली काही मुलं-तरुण अपघात वगैरेंत अकाली गेले. अशा २०४ जणांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. २ ते १५ वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयाच्या धमन्यांत चरबीच्या रेघा उमटलेल्या होत्या. ज्यांचं वजन, दाब, कोलेस्टेरॉल जिवंतपणी जास्त नोंदलं होतं, त्यांच्या धमन्या जास्त खराब. म्हणजे पन्नाशीतल्या माणसाला नांदेडला नेऊन अँजिओग्राफी करतात, त्या दुखण्याचा पाया चौथी-पाचवीच्या वयात पडलेला असू शकतो. सगळ्याच रेघांची पुढं गाठ होत नाही, काही विरतातही. त्या कुठल्या वाटेनं जातील यावर ज्यांचा हात आहे, त्यांत तू आहेस.

पण आमच्याकडं लेकराचा बी.पी. बघतं कोण? एका दवाखान्यात मी हा प्रकार जवळून पाहिला. दहा-अकरा वर्षांचा पोरगा, खोकल्यासाठी आलेला. आईनंच विचारलं, सहज बघता का म्हणून. नर्सबाईंनी कपाटातून लहान मुलांचा पट्टा काढला, तो त्याच्या दंडाला पुरेना. ओढून बसवला तर फुगताना वेल्क्रो तटतट सुटायला लागला. आकडा आला तो भलताच. तेवढ्यात डॉक्टरांनी मान वर करून मोठ्यांचा पट्टा लावायला सांगितला आणि पोराला पाच मिनिटं शांत बसवलं. दुसरा आकडा खाली आला, तरीही त्याच्या वयाला आणि उंचीला जास्तच होता. पट्टा तोकडा असला की यंत्र दाब फुगवून सांगतं, ही बारीक गोष्ट आहे, पण लठ्ठ लेकराच्या बाबतीत सगळं तिच्यावर अडतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१७ मध्ये सांगितलंय की वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दाब वर्षातून एकदा बघा, आणि लठ्ठ मुलाचा तर प्रत्येक भेटीत. आपल्याकडं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी मोठा पट्टाही पिशवीत असावा, एवढं मागणं फार नाही. पट्टाही नसला तरी एक शिवणकामाची टेप पुरते. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर लेकराला दाखवून आणायला हवं.

आता तुझ्या बाजूचा पुरावा. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात २००४ च्या सुमारास एक प्रयोग झाला. १९ लठ्ठ किशोरवयीन मुलामुलींना आठ आठवडे व्यायाम दिला. थोडी सायकल, थोडं वजन उचलणं-ओढणं, एकामागून एक, फिरत्या पाळीनं. तपासलं काय, तर दंडातली धमनी. हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवतात, मग सोडतात. रक्त धावत येतं तेव्हा निरोगी धमनी मोकळी होऊन वाट देते, आजारायला लागलेली धमनी सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी ताठ राहते. किती मोकळी झाली ते सोनोग्राफीनं मोजतात. या मुलांची धमनी आधी ५.३ टक्के फुलत होती, आठ आठवड्यांनी ८.८ टक्के. सडपातळ मुलांच्या जवळपास. आणि वजन? वजन होतं तिथंच. पोटावरची चरबी थोडी उतरली, पण काट्याला पत्ता नाही.

हे मला तुला पुन्हा सांगू दे, कारण आमच्याकडं यावरच सगळं फिसकटतं. महिनाभर लेकरू पळतं, मग बाप त्याला काट्यावर उभं करतो, काटा तोच, की बाप म्हणतो, ‘काही फरक पडत नाही, कशाला उगं दमवायचं?’ आणि तू गेलास. फरक पडलेला असतो, तो बापाला दिसत नाही एवढंच. रक्त वेगानं वाहायला लागलं की धमनीच्या आतल्या अस्तराला घासून जातं. त्या घासण्यानं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी सैलावते. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो हे शोधणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. व्यायामानं हे अस्तर पुन्हा कामाला लागतं, बसल्या जागचे ठोके उतरतात, दाब थोडा उतरतो, स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फार मिनतवारी न करता उचलायला लागतात. काटा हलो न हलो.

म्हणून माझं पहिलं मागणं हे की तुझ्या दारात वजनकाटा ठेवू नकोस.

दुसरं जरा लागेल असं आहे. या लेकराला तुझ्यापासून तोडण्यात तुझाही हात आहे. उशिरा आला, मार ग्राउंडला पाच चकरा. गृहपाठ नाही, मार दहा उठाबशा. जी गोष्ट शिक्षा म्हणून दिली तिची गोडी कुणाला लागायची? त्यात लठ्ठ पोराची चक्कर संपेपर्यंत सगळा वर्ग रांगेत उभा राहून बघत असतो. शंभर मीटरच्या शर्यतीत तो शेवटी येणार हे त्यालाही माहीत, तुलाही माहीत, तरी दर वर्षी त्याला पळवतोस. ‘आधी वजन कमी कर, मग संघात घेतो’ हे तर उलटंच झालं. आधी संघात घे, वजनाचं पुढं बघू.

अमेरिकेतल्या ऑगस्टा शहरात हे कसं केलं ते बघ. ७ ते ११ वयाची, जास्त वजनाची आणि खेळापासून लांब राहिलेली २२२ मुलं त्यांनी घेतली. तीन गट केले. एक नेहमीसारखा, एक रोज २० मिनिटं खेळणारा, एक रोज ४० मिनिटं. शाळा सुटल्यावर, साधारण १३ आठवडे. खेळ म्हणजे पळापळीचे, दोरीवरच्या उड्यांचे, नियम सोपे केलेला फुटबॉल. स्पर्धा नाही, कौशल्याची परीक्षा नाही. फक्त हृदयाचे ठोके मिनिटाला १५० च्या वर राहिले पाहिजेत, आणि बक्षीस त्यालाच, पहिलं येण्याला नाही. २०१२ मध्ये निकाल छापून आला. दम वाढला, इन्शुलिनचं न ऐकणं कमी झालं, पोटातली चरबी घटली. २० मिनिटांनीही, ४० नं चरबी त्याहून थोडी जास्त. म्हणजे तू अर्धाच मिळालास तरी वाया जात नाहीस.

आता म्हणशील, ठोके मोजायची यंत्रं मुखेडात कुठून आणू? नको आणू. खो-खो आण.

खो-खो तुझ्या मैदानावर चाललेला मी पुष्कळदा पाहिलाय. आठ जण पाटीवर उलटसुलट तोंडं करून बसलेले, नववा पळतोय. बसणं म्हणजे मांडी घालून नव्हे, उठायच्या तयारीत, टाचा उचललेल्या, हात मातीला टेकलेले. पाठीवर थाप पडते, ‘खो!’, आणि बसलेला झटक्यात उठून सुटतो. मध्यरेषा ओलांडायची नाही, मागं फिरायचं नाही, खांबापर्यंत जीव तोडून पळायचं किंवा वाटेत दुसऱ्याला खो देऊन त्याच्या जागी बसायचं. बसला की श्वास जुळवायला थोडा वेळ मिळतो. पुन्हा थाप. नऊ मिनिटांची पाळी अशी जाते.

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला जास्त वजनाच्या ५४ किशोरवयीनांवर असाच चढ-उताराचा व्यायाम करून पाहिला गेला. चार मिनिटं जोरात, मग दम घ्यायला थोडं हळू, असं चार वेळा, आठवड्यातून दोनदा, तीन महिने. हे २००९ चं. आहार-समुपदेशनाच्या नेहमीच्या वाटेपेक्षा या पोरांचा दम आणि धमन्या जास्त सुधारल्या. खो-खोतली धाव चार मिनिटांची नसते, काही सेकंदांचीच असते, आणि खो-खोवर तसा प्रयोग झालाय असा माझा दावाही नाही. पण जोर, विसावा, जोर, विसावा ही ठेवण तीच. शिवाय प्रत्येक खोला एक बैठक फुकट. शिवाय लठ्ठ पोराला सगळ्यांत जाचणारी गोष्ट, म्हणजे एकट्यानं पळून सगळ्यांनी बघणं, ती इथं नाही. त्याची धाव सुरू झाली-झाली तोवर संपते आणि डोळे पुढच्यावर जातात. खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. एवढं असताना आमच्या शाळांना व्यायामासाठी ट्रेडमिल हवी वाटते, याला काय म्हणावं!

पाटीवर कुठं बसवायचं याचंही थोडं बघ. जड पोराला खांबाजवळच्या चौकोनात बसवलं तर त्याला वळणाची धाव येते आणि तो थकतो. मधल्या चौकोनात बसवलं तर छोट्या-छोट्या धावा येतात. पहिला महिना मधला चौकोन, मग हळूहळू सरकव. बसता-उठता गुडघे कुरकुरले तर तेवढ्यापुरतं त्याला उभ्यानं खो घेऊ दे, नियमाचं पुस्तक काही रागावत नाही.

आणि त्याला जिंकता येईल असंही काहीतरी तुझ्याकडं पाहिजे ना? लठ्ठ लेकरू अशक्त नसतं. रोज स्वतःचं ओझं वाहणारे त्याचे मांडीचे, पाठीचे स्नायू वर्गातल्या काडीपैलवानांपेक्षा दणकट असतात. रस्सीखेचीला त्याला शेवटच्या टोकाला उभा कर, मग बघ वर्ग त्याला कोणत्या नावानं हाक मारतो. गोळाफेक दे. माती असेल तर कुस्ती दे. आपल्याकडं कुस्तीला कमी नाही, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फड लागतो, लातूरकडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी ‘रुस्तुम-ए-हिंद’पर्यंत मजल मारली. जोर-बैठका, दोरी ओढणं, पोतं उचलणं, हा स्नायूंचा व्यायाम धमन्यांनाही मानवतो. पर्थच्या त्या पोरांना निम्मा व्यायाम वजनं ओढण्याचाच होता. एकदा लेकराला इथं मान मिळाला की ते पळायलाही येतं. हा क्रम उलटा करून कुठं जमलेलं मी तरी पाहिलं नाही.

मात्र लठ्ठ पोरांची वेगळी रांग करून त्यांना वेगळा व्यायाम देऊ नकोस. एकतर ती रांग म्हणजे नव्या टोपणनावांचा कारखाना. दुसरं, आमच्याकडच्या बारीक पोरांचंही खरं नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. त्याआधी याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या ३.५ किलोच्या बाळांपुढं किरकोळ. पण वजन कमी होतं ते स्नायूंचं नि पोटातल्या अवयवांचं, चरबी बऱ्यापैकी शाबूत. असं बाळ पुढं पाकिटांवर आणि बसण्यावर वाढलं की बाहेरून बारीकच दिसतं, आतून मात्र लिंबाखालच्या पोराच्याच वाटेला लागतं. तेव्हा सगळ्यांना एकाच मैदानात घे.

सगळ्यांना म्हणताना मुली मी आवर्जून म्हणतोय. सहावी-सातवीपर्यंत त्या तुझ्याकडं असतात. मग पाळी येते, मैदानाजवळ पाण्याचं स्वच्छतागृह नसतं, कुंपणाबाहेर पोरं उभी असतात, ओढणी सांभाळत पळता येत नाही, आणि एक दिवस त्या वर्गातच थांबायला लागतात. सर ‘मुलींनी वाचन करा’ म्हणून बाहेर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४६ देशांचा ताळा मांडला. ११ ते १७ वयाच्या मुलांतले ७८ टक्के आणि मुलींतल्या ८५ टक्के पुरेसं हलत नाहीत. लठ्ठ मुलाला निदान ‘पळ’ म्हणणारा एखादा काका असतो. लठ्ठ मुलीला घरातून एकच सल्ला, ‘भात कमी खा, लग्नाला अडचण येईल’. तिचं हृदय कुणाच्या हिशेबातच नाही. तिच्यासाठी पत्रा मारलेलं कुंपण, नळ आणि ट्रॅक पँट, एवढ्याची तजवीज शाळा समितीनं केली तर निम्मा वर्ग तुला परत मिळेल.

एक गोष्ट तू नाकारू शकत नाहीस. तू पुरेसा मिळालास तरी पुरत नाहीस. जागतिक आरोग्य संघटना सांगते रोज सरासरी ६० मिनिटं, दम लागेल अशी, आणि त्यातले तीन दिवस तरी जोराचे, हाडा-स्नायूंना ताण देणारे. तू आठवड्याला दीड-दोन तास. बाकीचं पायी शाळेत जाण्यातून, सायकलवरून, संध्याकाळच्या लंगडीतून यायचं. आणि तू सुटलास की मिळवलेलंही जातं. हाँगकाँगला ९ ते १२ वर्षांच्या, जास्त वजनाच्या ८२ मुलांना आधी सहा आठवडे आहार आणि काहींना बरोबर व्यायामही दिला. धमन्या सुधारल्या. मग वर्षभर बघितलं तर सुधारणा टिकली ती व्यायाम चालू ठेवणाऱ्यांची. मे महिन्यातलं पंधरा दिवसांचं शिबिर करून, मेडल गळ्यात घालून फोटो काढला की काम झालं असं समजणाऱ्या मंडळींना हे दाखव. तसाही आमचा मे हा काही पळायचा महिना नव्हे. पारा बेचाळीसच्या वर जातो आणि जड लेकराचं अंग लवकर तापतं, लवकर सुकतं. मार्चपासून सकाळची शाळा लागते तेव्हा तुझी जागा पहिल्या तासाला, प्रार्थनेला लागून. पाण्याची घागर जवळ.

आणि कुणाला पळवायचं नाही हेही सरांना माहीत पाहिजे. पळताना ज्याला भोवळ आली, छातीत दुखलं, ज्याच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं, ज्याला सांधे सुजून ताप येऊन गेलाय आणि आता जिना चढताना धाप लागते, त्याला आधी डॉक्टरकडं. लठ्ठ पोरगा लंगडायला लागला आणि मांडीत किंवा गुडघ्यात दुखतंय म्हणाला तर ‘नाटकं करतोय’ म्हणू नका. या वयात, या वजनात खुब्याच्या हाडाचं टोक सरकतं आणि दुखणं गुडघ्यात कळतं. त्याला त्याच दिवशी एक्स-रे पाहिजे, चक्कर नव्हे. बाकीच्यांसाठी साधी खूण पुरते. पळताना दोन वाक्यं बोलता यावीत, गाणं म्हणता येऊ नये.

आता तुझ्या मुख्य शत्रूकडं येतो. ‘लेकरू लातूरला टाकलंय’ हे वाक्य आमच्या तालुक्यात अभिमानानं उच्चारतात. पहाटे उठणं, क्लास, कॉलेज, पुन्हा क्लास, मेसचा डबा, रात्री अभ्यासिका. दोन वर्षं खुर्चीत. त्यातल्या कित्येकांना डॉक्टर व्हायचंय, काहींना तर हृदयाचे. लंडनचे जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं होतं की दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो. हे धडे ही पोरं पुढं एम.बी.बी.एस.ला वाचतील, तोवर त्यांची स्वतःची कंबर चार इंच वाढलेली असेल. आमच्या एस.टी.च्या कंडक्टरांना जिना नाही, पण मुखेड-नांदेड गाडीतल्या गर्दीतून तिकिटं फाडत जाणं हाही काही कमी व्यायाम नाही म्हणा.

लातूर बंद करा असं मी म्हणत नाही, माझं कोण ऐकणार? मागणं एवढंच की पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक लागेल तेव्हा तुला दुपारच्या कोपऱ्यातून काढून सकाळी आणावं, आणि बदली तास म्हणून तुला कुणी मागू नये. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हा विषय लेखी देतोय, या पत्राची प्रत जोडून.

कळावे,
तुझा,
मुखेडचा एक पालक

ता.क. गणिताच्या सरांसाठी एक निरोप आहे, तेवढा पोचव. ऑगस्टाच्या त्याच प्रयोगातल्या १७१ मुलांची नुसती दम-चरबीच तपासली नाही, डोकंही तपासलं होतं. ते २०११ मध्ये वेगळं छापलं गेलं. खेळणाऱ्या मुलांची नियोजन करण्याची ताकद वाढली. आणि एक विषय असा निघाला ज्यात त्यांचे गुण वाढले, जितकी मिनिटं जास्त तितके जास्त. तो विषय गणित होता. सरांना म्हणावं, तास परत द्या.